आधी नाव, मग चूक

पडद्यावर आकडा उमटला : सहा हजार दोनशे चौदा. तेवढ्या फाइली उडाल्या. त्याने आकडा कामाच्या वहीत उतरवला, पेनाला टोपण लावलं, चहाचा कप उचलला, आणि कप ओठांपर्यंत पोचायच्या आधीच हात अधांतरी थांबला. उडालेल्या नावांची यादी अजून पडद्यावर होती, आणि तिची शेवटची ओळ नेमकी डोळ्यांसमोर आली होती. ओळीत विशेष काहीच नव्हतं. आधी ‘चूक’, मग पुस्तकाचं नाव, मग धड्याचा आकडा, आणि शेवटी वाचणाऱ्याची खूण म्हणून लावायची दोन अक्षरं. ती दोन अक्षरं त्याच्या बायकोची होती. बायकोला जाऊन चौदा महिने झाले होते. कप खाली ठेवताना चहा बशीत सांडला, बशीतून टेबलावर आला. या माणसाच्या हातून तीस वर्षांत त्या टेबलावर थेंब पडला नव्हता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

ते एक ग्रंथालय होतं, पण तिथे कपाटं कमी आणि काचा जास्त. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तिथे पुस्तकं वाचून ठेवायची. वाचणारा काचेच्या आत, जाड पडद्यांच्या खोलीत माइकसमोर बसायचा, आणि हा काचेच्या बाहेर यंत्रापाशी. वाचणारा अडखळला, खोकला, त्याच्या पोटात गुडगुडलं, की तो तुकडा तिथेच बंद करायचा आणि नवा सुरू करायचा. बिघडलेला तुकडा लगेच फेकायचा नाही, कारण कधीकधी त्यातलं आधीचं वाक्य चांगलं निघायचं आणि जोडायला उपयोगी पडायचं. म्हणून त्याच्या नावाच्या सुरुवातीला ‘चूक’ लावून तो बाजूला ठेवायचा. असे बाजूला ठेवलेले तुकडे साठत साठत जायचे, आणि डिस्क तुडुंब भरली की एक दिवस त्यांचा निकाल लावायचा. आज तो दिवस होता. नवी पुस्तकं आठवडाभर ताटकळली होती, आणि मोठ्या बाई सकाळी दारात उभं राहून म्हणाल्या होत्या की काका, आज जागा झालीच पाहिजे. मोठ्या बाई म्हणजे ग्रंथालयाच्या प्रमुख. वयाने त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण खुर्ची मोठी.

निकाल लावायला त्याला एकच ओळ लागायची, आणि त्या ओळीचा त्याला जरा जास्तच अभिमान होता. सगळ्या फाइलींच्या नावांची यादी घ्यायची आणि तिला विचारायचं, यातली ‘चूक*’ सारखी कोण? ती शेवटची खूण म्हणजे चांदणी. चांदणी म्हणजे इथे काहीही असो, कितीही असो, अगदी काहीच नसलं तरी चालेल. एका नावाला हा प्रश्न विचारला तर यंत्र नुसतं हो किंवा नाही म्हणतं, पण अख्ख्या यादीला विचारला तर हो-नाही करत बसत नाही, जुळणारी नावंच उचलून हातात देतं. हे त्याला पहिल्यांदा कळलं तेव्हा त्याने घरी जाऊन बायकोला अर्धा तास समजावून सांगितलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली होती, म्हणजे माझ्या सासूबाईंसारखं. एकेकीला विचारायच्या नाहीत, सगळ्या जावांना एकदम उभं करायच्या आणि दोषी तेवढी बाहेर काढायच्या. त्याचा एक नियमही होता : आधी दाखव, मग उडव. आधी यादी नुसती पडद्यावर आणायची, वरपासून खालपर्यंत नजर फिरवायची, आणि मगच उडवायचं. नव्या पोरांना तो हा नियम इतक्यांदा सांगायचा की ती त्याच्यामागे त्याची नक्कल करायची. आज मोठ्या बाई दारात होत्या, त्या काहीतरी विचारत होत्या, तो काहीतरी उत्तर देत होता, आणि बोटांनी आपलं आपण दोन्ही एकदम करून टाकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आणि रविवारीच तर मुलीचा फोन येऊन गेला होता. मुलगी दूर राहायची, तिला आठ महिन्यांची पोर होती, आजी गेल्यावर जन्मलेली. मुलगी म्हणाली होती, आईचा आवाज पाठवा, हिच्या कानावर पडू दे. त्याला केवढा आनंद झाला. आवाज म्हणजे त्याच्या घरचीच गोष्ट. त्याने तिथल्या तिथे एक धडा पाठवून दिला, स्वच्छ, एक उसासा नाही की कागद वाजल्याचा आवाज नाही. तासाभराने मुलीचा पुन्हा फोन आला. ती हळूच म्हणाली, “बाबा, ही वाचणारी आई आहे. मला बोलणारी हवी.” मुलीचं खरं होतं. वाचणारी आई प्रत्येक शब्द जागच्या जागी ठेवायची, तिच्या आवाजात कुणीच राहत नसे, आणि म्हणूनच तर ती इतकी चांगली वाचायची. बोलणारी बाई वेगळी होती. ती वाक्य अर्ध्यात सोडायची, मध्येच हसायची, दुसऱ्या खोलीतून हाका मारायची. पण ती बोलणारी कुठेच साठवलेली नव्हती. कुणी फोन पुढे धरला की ती पदर झटकल्यासारखा हात झटकायची, म्हणायची, दिवसभर माइकसमोरच असते, घरी तरी सोडा मला. सोमवार, मंगळवार, बुधवार तो घरात शोधत होता. जुना फोन सापडला, तो सुरू होईना. कपाटं उपसली, खोके उघडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. बोलणारी बाई त्याच्या टेबलावर होती, सहा हजार दोनशे चौदामध्ये, प्रत्येक चुकीच्या शेवटी दोन-चार शब्द बोलून गेलेली, आणि ते त्याच्या ध्यानात आलं ते ती उडाल्यावर.

अडखळली की ती काय करायची, ते त्याला डोळे मिटूनही दिसलं असतं. आधी जीभ चावायची, मग म्हणायची, चुकलं, पुन्हा घेते. मग मान वर करून काचेकडे बघायची आणि विचारायची, “घेतलंत का हो?” म्हणजे आधीचा तुकडा बंद करून नवा सुरू केलात का. इतर वाचणारे नुसती मान हलवायचे, हिला विचारल्याशिवाय चैन पडायचं नाही. आणि तो उत्तर द्यायचा नाही. यंत्र चालू असताना बोलायचं नाही हा खोलीचा कायदा, त्याने स्वतःच केलेला. तो फक्त हात वर करायचा. त्याची खुर्चीही करकरायची, म्हणून तो तासन्‌तास मोजून-मापून बसायचा, पाठ दगड व्हायची. तेवीस वर्षं ती विचारत होती, घेतलंत का हो, आणि तेवीस वर्षं तो हात वर करत होता. घरी मात्र दोघांची तोंडं थकायची नाहीत. आता घरी तो संध्याकाळी कुलूप काढायचा आणि आत शिरल्याबरोबर दिवा लावण्याआधी रेडिओ लावायचा. कुणीतरी बोलत असलं म्हणजे बरं, मग ते बाजारभाव सांगेनात का.

नावावरून त्यांचं एक जुनं भांडण होतं. वाचून झालं की ज्याने-त्याने आपापल्या तुकड्यांना नावं द्यायची, पण ती ‘चूक’ पुढे लावायचीच नाही, शेवटी लावायची. आधी पुस्तक, मग धडा, मग खूण, आणि सगळ्यात शेवटी चूक. तो चिडायचा. म्हणायचा, अगं, माझी चांदणी शेवटी आहे, यंत्र सुरुवातीला ‘चूक’ शोधतं, तुझे तुकडे त्याला चांगलेच वाटतात, ते पुस्तकात जातील. ती म्हणायची, यंत्राला काय वाटायचं ते वाटू दे. “आधी नाव, मग चूक. माणसाला हाक मारताना आधी त्याची चूक घेतं का कुणी?” सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, अशातली ती. मग तो रोज संध्याकाळी, सगळे गेल्यावर, तिच्या त्या दिवसाच्या तुकड्यांची नावं एकेक करून सुधारायचा. शेवटची चूक काढून पुढे लावायचा. ती दाराशी चपला घालून उभी असायची आणि म्हणायची, झाली का माझी पापं पुढे करून? त्याला तेव्हा वाटायचं, किती काम वाढवते ही बाई. आज त्याच हाताने सुधारलेली ती सगळी नावं रांगेत पुढे गेली होती. त्याने ती सुधारली नसती तर राहिली असती.

परत आणायचे उपाय त्याला इतरांपेक्षा जास्त माहीत होते, आणि म्हणूनच आशा लवकर संपली. ताटकळलेली नवी पुस्तकं जागा होताच आत घुसली होती, हिरवी पट्टी भराभर भरत होती, उडालेल्यांच्या जागेवर आता दुसऱ्यांचे आवाज बसत होते. रोज निघणाऱ्या जादा प्रती होत्या, पण त्यातून ‘चूक*’ सारखं जे असेल ते वगळायचं हेही त्यानेच लिहून ठेवलेलं, नऊ वर्षांपूर्वी, आणि तेव्हा त्याबद्दल त्याची पाठ थोपटली गेली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोलायचं कुणाला? मुलीला काय सांगायचं, याची तो मनात वाक्यं करू लागला. शोधलं गं, नाही सापडलं. हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. सापडलं होतं गं, पण सापडायच्या आधी मी फेकलं, हे खरं होतं, आणि ते तोंडातून निघणार नव्हतं. काचेपलीकडे तिची खोली रिकामी होती. माइकवर कापडी पिशवी चढवलेली, पाणी प्यायचा पेला पालथा. तिथे आता आठवड्यातून दोनदा एक निवृत्त मास्तर येऊन वाचायचे, आणि ते आले की तो यंत्राकडेच बघत बसायचा, आत बघायचा नाही.

दुपारी डबा न उघडताच तो बाहेरच्या खोलीत गेला. तिथे टेलिफोनवाली ताई बसायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. सगळे तिला ताई म्हणायचे, तोही म्हणायचा, आणि ती त्याला दादा. पुस्तकं हवी असलेल्यांचे फोन तिच्याकडे यायचे, आणि आवाज ऐकताक्षणी ती माणूस ओळखायची, त्याला सर्दी झाली असली तरी. त्याच्या चालण्यावरून तिने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही. ती म्हणाली, काही नाही तर पाय का ओढताय. मग तिनेच सांगितलं, की वेताच्या खुर्च्या विणणारे ते आजोबा आहेत ना, त्यांचा सकाळी पुन्हा फोन होता, भूगोलाचं पुस्तक चौथ्यांदा मागतायत. एवढ्या भूगोलाचं ते काय करतात, असं तो नुसतं बोलायचं म्हणून बोलला. ताईने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी कबूल करायचं असल्याचं दिसत होतं.

“भूगोलासाठी नाही मागत,” ती म्हणाली. “त्यात धडा संपला की वहिनी बोलतात.”

त्याला आधी कळलंच नाही. मग ताईने सांगितलं ते असं, की दोन-अडीच वर्षांपूर्वी ते पुस्तक बाहेर गेलं तेव्हा पहिला फोन त्या आजोबांचाच आला होता. ते म्हणाले, चौदाव्या धड्यानंतर बाई मध्येच स्वतःशी बोलल्या, फार बरं वाटलं, घरात कुणी असल्यासारखं. मग आणखी दोघांचे फोन आले. तक्रार एकाचीही नव्हती. तिने स्वतः मागवून ऐकलं, आणि मग कुणालाही सांगितलं नाही. दादालाही का नाही सांगितलं, असं त्याने विचारलं तेव्हा ती सरळ म्हणाली, “तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्त केलं असतं. आणि त्या गेल्यावर मग कुठल्या तोंडाने सांगणार होते?” तो तिच्यासमोरच्या बाकावर बसला. ती त्याच्या श्वासाकडे कान लावून बसली आणि तिने फोन वाजला तरी पाच-सहा घंट्या उचलला नाही.

दोन-अडीच वर्षांपूर्वी. मोतीबिंदू. तो तीन आठवडे घरी होता, एकच डोळा, पण टाक्याला सूज आली आणि डॉक्टरांनी पडद्याकडे बघायलाच बंदी केली. तीन आठवडे ती एकटी यायची, यंत्र स्वतः सुरू करायची, काचेच्या आत जाऊन बसायची, चुकली की बाहेर येऊन बंद करायची. त्याने घरून फोनवर तिला बटणं सांगितली होती आणि ती म्हणाली होती, तेवीस वर्षं बघतेय, तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही हो ते. संध्याकाळी येऊन ती त्याच्या डोळ्यात थेंब घालायची. तिची बोटं गार असायची आणि त्यांना कागदाचा वास यायचा, ती त्याची पापणी वर धरायची आणि तो पोरासारखा मान चुकवायचा. त्या तीन आठवड्यांतली नावं कुणीच सुधारली नव्हती. तो कामावर परतला आणि दोन महिन्यांत तिचं दुखणं निघालं, मग दवाखाने, मग रजा, आणि मागचं तपासायचं राहूनच गेलं. ते राहूनच गेलं होतं. तो बाकावरून उठला आणि जवळजवळ पळतच आपल्या खोलीत गेला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पळताना कसा दिसतो, ते बघायला तिथे ताईशिवाय कुणी नव्हतं.

त्याने बोटं आधी मांडीवर पुसली. चांदणी आता दोन्ही बाजूंना लावली, पुढे काहीही असो, मागे काहीही असो, मध्ये चूक : ‘*चूक*’. आणि फक्त दाखव. उडव नाही, फक्त दाखव. यादी धो धो वाहत आली, शंभर, दीडशे, आणि नजर पडेल त्या ओळीत ‘अचूक मोजमाप’ असं एक जाडजूड पुस्तक, दुसऱ्याच कुणाचं वाचलेलं. अचूकच्या पोटातही चूक असतेच की. स्वतःलाच एक शिवी हासडून त्याने मागची चांदणी काढली आणि चूकच्या आधी एक आडवी रेघ घातली, तिच्या सवयीची : ‘*-चूक’. आधी काहीही, शेवटी चूक. पडदा कोरा झाला. मग ओळी उमटल्या. एकतीस. एकतीस नावं, प्रत्येकात आधी पुस्तक, मग धडा, मग तिची दोन अक्षरं, आणि चूक अगदी शेवटी, दाराशी चपला घालून उभी असल्यासारखी. त्याने ती मोजली, पुन्हा मोजली, आणि मग पहिलं काम केलं ते म्हणजे त्यांच्या तीन ठिकाणी तीन प्रती काढल्या. इतके दिवस बायको सांगत होती ते बरोबर होतं आणि आपण चूक होतो, हे त्याने मान्य केलं. तोंडाने नाही, पण मान हलवून.

चारच्या सुमाराला मोठ्या बाई आल्या. जागा झालेली बघून खूश झाल्या, आणि वही पुढे ओढून म्हणाल्या, काका, चूक-प्रती आता काही शिल्लक नाहीत ना, तसं लिहून सही करा, म्हणजे विषय मिटला. त्या वहीत त्याने तीस वर्षांत एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. त्याने पेनाचं टोपण काढलं, ‘शिल्लक नाहीत’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली. कान थोडे गरम झाले, एवढंच. खुर्च्या विणणाऱ्या आजोबांना भूगोल उद्याच्या टपालाने जाईल, असंही त्याने सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. बाई बरं म्हणून गेल्या.

मग त्याने दार लोटलं, हेडफोन कानांना लावले, चौदाव्या धड्याचा तो तुकडा उघडला आणि काचेकडे तोंड करून आपल्या खुर्चीत बसला. सवयीने पाठ ताठ केली, म्हणजे खुर्ची करकरायला नको. ती वाचत होती, वाचणारी, स्वच्छ : दुपारी जमीन लवकर तापते, त्यामुळे समुद्रावरून जमिनीकडे... आणि अडखळली. जीभ चावल्याचा बारीक आवाज आला. “चुकलं. पुन्हा घेते.” आणि लगेच, मान वर करून विचारलेलं, “घेतलंत का हो?” त्याचा हात आपोआप वर गेला. काचेपलीकडे पालथा पेला होता. हेडफोनमध्ये थोडी शांतता, आणि मग ती हसली, तसंच, अर्ध्यात सोडून दिलेलं. “बघा! कुणाला विचारतेय मी. तुम्ही तिकडे पट्टी बांधून बसलाय आणि मी इथे काचेकडे बघत थांबलेय. मूर्ख बाई.” कागद वाजला. “चार वाजता थेंब आहेत. विसरू नका. नाहीतर विसराल, आणि वर म्हणाल मी सांगितलंच नाही.” मग दार उघडल्याचा आवाज, तिच्या चपलांचा आवाज, आणि तुकडा संपला.

त्याने तो मुलीला पाठवला. नाव बदललं नाही, होतं तसंच जाऊ दिलं. सोबत काही लिहिलंही नाही. तो खिडकीबाहेर बघत बसला, बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती तीनदा अडली आणि चौथ्यांदा निघाली. मग फोन थरथरला. मुलीने एकच शब्द लिहिला होता : हीच. थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली, की छोटी आवाज ऐकून फोनकडे बघत राहिली आणि हसणं आलं तिथे तीही हसली. त्याने ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि तुकडा परत पहिल्यापासून लावला. दुपारी जमीन लवकर तापते. जीभ चावली. चुकलं, पुन्हा घेते.

“घेतलंत का हो?”

या वेळी त्याने हात वर केला नाही. तो खुर्चीत मागे रेलला, खुर्ची करकरली तर करकरू दे, आणि मोठ्याने म्हणाला, “घेतलं गं.”